पार्किन्सन्सच्या घरात सायटिका आली तर: ऑपरेशनचं कसं ठरवायचं

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पार्किन्सन्सचं निदान होऊन सात वर्षं झाली होती तेव्हा त्यांचा डावा पाय धरला. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. हीच सायटिका. एमआरआय झाला. एल-४ आणि एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे असं रिपोर्टात आलं आणि चौथ्या दिवशी एका सर्जनांनी चार स्क्रू टाकून मणके जोडायचा खर्च कागदावर लिहून दिला. पार्किन्सन्सबद्दल त्यांनी एकच विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?”

चालू होत्या. पण त्याहून बरंच काही विचारायला हवं होतं, हे आम्हाला कळायला दोन महिने लागले. तसा कागद समोर ठेवून बसलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवायचे. न्यूरोलॉजिस्ट, मणक्याचे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांना पिडून पिडून विचारलेलं आणि घरात करून पाहिलेलं तेवढं सांगते. गोळीची मात्रा किंवा वेळ मात्र कुठेही वाचून आपल्या मनाने बदलू नका, इथे वाचूनही नाही.

१. सगळ्यात आधी: आज रात्रीच इस्पितळ गाठायचंय का?

बहुतेक सायटिका घाईची नसते. काही वेळा असते, आणि तेव्हा तासांचा हिशोब असतो. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो मांड्यांमधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कमरेच्या मणक्यांच्या नळीत खालच्या बाजूला घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. तो चेपला गेला की असं होतं, आणि उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नसतं.

पार्किन्सन्सच्या घरात इथेच फसगत होते. लघवीची घाई, बद्धकोष्ठ, रात्री चारदा उठणं हे आपल्याकडे रोजचंच. त्यामुळे “त्यांचं ते नेहमीचंच आहे” म्हणून आपण सोडून देतो. म्हणून परवापेक्षा आज काय वेगळं आहे, ते विचारा. संडासला गेल्यावर धुताना पाण्याचा, हाताचा स्पर्श कळतो का, हेही विचारा. मला वडिलांना हे विचारवेना. आईने विचारलं, आणि त्यांनी वैतागून “कळतो, कळतो” म्हटलं तेव्हा आम्ही झोपलो.

पाऊल अचानक लोंबकळू लागलं, चप्पल पायातून आपोआप निसटू लागली, पडल्यानंतर पाठीत एकाच जागी जबर दुखू लागलं, पाठदुखीबरोबर ताप आहे, वजन उतरतंय किंवा पूर्वी कॅन्सर झालेला आहे, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. पार्किन्सन्सची माणसं पडतात आणि त्यांची हाडं बरेचदा ठिसूळ झालेली असतात. पडल्यानंतरच्या दुखण्यात मणका दबून मोडलेला निघू शकतो.

२. दुखणं कोणाचं आहे, ते वेगळं करा

बाकी काही नाही जमलं तरी हे करा. पार्किन्सन्स स्वतःही दुखवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ताठरलेले स्नायू दुखतात. पहाटे, रात्रीच्या गोळीचा असर उतरलेला असताना, पायाची बोटं आत वळतात, पाऊल पिळवटतं, पोटरीत गोळा येतो. डॉक्टर त्याला डिस्टोनिया म्हणतात. वाकून चालल्याने कंबर दिवसभर ओढली जाते ती वेगळीच. हे सगळं पायातच दुखतं, आणि एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली की सगळ्याचं खापर तिच्यावर फुटतं.

ढोबळ ओळख अशी. पार्किन्सन्सचं दुखणं गोळीच्या घड्याळावर चालतं. गोळी लागली की उतरतं, असर संपला की चढतं. नस दबल्याचं दुखणं शरीराच्या ठेवणीवर चालतं. बसल्यावर, वाकल्यावर, खोकला-शिंक आल्यावर कळ मारते, सहसा एकाच पायात, ठरलेल्या वाटेने गुडघ्याच्या खाली उतरते आणि सोबत मुंग्या किंवा बधिरपणा आणते. तिसरा प्रकार वयस्कर माणसांत फार दिसतो: मणक्यातली नळीच अरुंद झालेली असते. मग चार पावलं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. भाजीच्या गाडीवर रेलून उभं राहिल्यावर बरं वाटत असेल तर ती खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे ओळखायला एक साधी वही घ्या. रेघा मारून चार रकाने करा: वेळ, गोळी, काय करत होते, दुखणं दहापैकी किती. दोन आठवडे लिहा. आमच्या वहीतल्या एका दिवसाच्या नोंदी देते (सिंडोपा म्हणजे लेव्होडोपा असलेली, पार्किन्सन्सची मुख्य गोळी):

पहाटे ५.४०. झोपेत. पोटरी पिळते, बोटं आत वळली. ८.
६.००. सिंडोपा घेतली.
६.५०. बोटं सुटली, हात शांत. ३.
११.१५. गोळी लागू आहे, हात शांत. भाजी आणायला निघाले, चौकाच्या आतच अंगठ्यापर्यंत कळ. ७.
११.२०. दुकानाच्या पायरीवर बसले. २.

असं पंधरा दिवस लिहिल्यावर आमच्या न्यूरोलॉजिस्टना काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी वही उलटी फिरवून माझ्यासमोर धरली आणि पहाटेच्या नोंदींवर बोट ठेवलं: “हे माझं काम.” मग अकराच्या नोंदींवर: “हे कदाचित सर्जनचं.” रात्रीच्या औषधात त्यांनी बदल केला आणि पहाटेचा पिळवटा आठवड्याभरात जवळजवळ थांबला. एका स्क्रूशिवाय! बाजारच्या रस्त्यावरची कळ मात्र तशीच राहिली.

दोन्ही एकमेकांत मिसळतातही, हे खरं आहे. कळ आली की माणूस आखडतो, आखडला की कळ वाढते. हिशोब काटेकोर जुळणार नाही. कोणता वाटा मोठा हे कळलं तरी पुष्कळ.

याच वहीच्या मागच्या पानावर चालण्याबद्दल लिहा. दारात पाय खिळतात का, वळताना तोल जातो का, पावलं लहान पडतात का. हे सगळं पार्किन्सन्सचं आहे. पाठीचं ऑपरेशन कितीही झकास झालं तरी ते जाणार नाही. ऑपरेशननंतर “चालणं तर सुधारलंच नाही” म्हणून हळहळणाऱ्या घरांत बरेचदा ही यादी आधी केलेलीच नसते.

३. तपासणी आणि एमआरआय

डॉक्टरांकडे जाताना वेळ अशी घ्या की गोळीचा असर भरात असेल. एरवी पार्किन्सन्सचा संथपणा नसेच्या कमजोरीसारखा दिसतो. डॉक्टर उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतील, अंगठा वर ओढायला सांगतील, टाचांवर आणि चवड्यांवर उभं करतील (हे करताना कोणीतरी धरायला हवं, नाहीतर तपासणीतच पडायची वेळ यायची). एल-५ ची नस दबली तर अंगठा आणि पाऊल वर उचलायला जोर कमी पडतो, मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूला येतात. तिच्या खालची, एस-१ ची नस दबली तर चवड्यावर उभं राहणं जड जातं, मुंग्या करंगळीकडे आणि तळव्याला येतात.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका. साठीपुढच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचा एमआरआय काढला तरी बऱ्याच जणांच्या गाद्या सरकलेल्या, झिजलेल्या दिसतात. रिपोर्टातली बाजू आणि पातळी, पायातल्या कळेची वाट आणि तपासणीत सापडलेली कमजोरी, ही तीन एका ओळीत आली तरच त्या गादीवर आळ घ्यायचा. उजवीकडे गादी आणि डावीकडे दुखणं असेल तर ऑपरेशनचं बोलणं तिथेच थांबवा.

मशीनमध्ये वीस मिनिटं ते अर्धा तास निश्चल पडून राहावं लागतं. कंप असलेल्याला ते कठीणच, म्हणून अपॉइंटमेंटही गोळीच्या वेळेवर बेतून घ्या. ज्यांच्या मेंदूत डीबीएसची (कंप-ताठरपणा कमी करायला मेंदूला विजेचे सौम्य ठोके देणाऱ्या यंत्राची) तार आणि छातीत बॅटरी बसवलेली आहे, त्यांनी डीबीएसचं कार्ड दाखवल्याशिवाय आणि त्या टीमला विचारल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकू नये.

ऑपरेशनचा विचार गंभीर असेल तर उभं राहून काढलेला संपूर्ण मणक्याचा एक्सरे, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व, ही तीन मागून घ्या. झोपवून काढलेल्या एमआरआयमध्ये माणूस किती वाकतो, किती एका अंगाला कलतो ते दिसतच नाही.

४. केमिस्टच्या काउंटरवर

सायटिकावर मिळणाऱ्या औषधांत पार्किन्सन्सवाल्यांसाठी सापळे आहेत. सगळ्यात साधा दिसणारा सापळा म्हणजे गॅसची कॅप्सूल. दुखण्याच्या गोळीने पित्त होऊ नये म्हणून आपल्याकडे सोबत एक कॅप्सूल लिहून देतात. त्यातल्या काहींमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडतं ते रसायन म्हणजे डोपामिन. लेव्होसल्पिराइड त्याचे दरवाजे बंद करतं, म्हणजे सिंडोपा जे काम करायला जाते त्याच्या आडवं येतं. कंप वाढतो, माणूस जड होतो आणि घरचे म्हणतात “आजार वाढला”. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचते.

त्याच जातीची आणखी काही नावं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म), प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), चक्करेसाठीचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, भ्रम झाल्यावर टोचतात ते हॅलोपेरिडॉल. उलटीवर डोमपेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन सहसा वापरता येतं. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर ते आधी सांगा.

दुसरा सापळा ट्रॅमाडॉल. दुखणं जबर असलं की हे पटकन लिहिलं जातं. रुग्ण पार्किन्सन्ससाठी रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेत असेल तर त्यांची ट्रॅमाडॉलशी जोडी धोक्याची आहे. ताप, घाबरेपणा, झटके इथपर्यंत मजल जाऊ शकते. पेथिडिनचं इंजेक्शनही अशा माणसाला चालत नाही. नैराश्यावरच्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ड्युलॉक्सेटिन, याच कारणाने आधी विचारून घ्याव्या लागतात.

प्रेगाबालिन आणि गाबापेन्टिन ‘नसेची गोळी’ म्हणून सर्रास मिळतात. सायटिकावर प्रेगाबालिनचा फारसा उपयोग दिसला नाही असं २०१७ साली छापून आलेल्या एका चांगल्या चाचणीत आढळलं. चक्कर आणि झोप मात्र बरेचदा येते, आणि आपल्या माणसाचा तोल मुळातच नाजूक. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात निरुपद्रवी. इतर वेदनाशामकं थोडे दिवस चालतात. किडनी, अल्सर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यातलं काही असेल तर विचारूनच.

आयुर्वेदात सायटिकाला गृध्रसी म्हणतात आणि पार्किन्सन्सला कंपवात, त्यामुळे वैद्यांकडे जाणारे पुष्कळ. तेल, शेक याबद्दल माझी तक्रार नाही. पण कंपवातावर देतात त्या कवचबीजाच्या, म्हणजे खाजकुइलीच्या चूर्णात खरोखरचा लेव्होडोपा असतो. सिंडोपावर तो चढला की एकूण मात्रा वाढून बसते, आणि अंग वेडंवाकडं हलायला लागलं की कोणालाच कारण कळत नाही. वैद्य आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. हाडवैद्याकडे जाऊन पाठीवर गुडघा देऊन ‘नस बसवून’ घेणं मात्र नकोच. ठिसूळ मणक्याला ते झेपत नाही.

५. घरात काय करायचं

पूर्ण अंथरुण धरू नका. साध्या सायटिकातही पडून राहण्याचा फायदा नाही, आणि पार्किन्सन्सवाला माणूस दोन आठवडे पडला तर त्याचं चालणं परत आणायला त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. एक-दोन दिवस आराम, मग घरातल्या घरात दर तासाला एक फेरी.

झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. उठताना लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं. वळता येत नसेल तर कमरेखाली सॅटिनचा तुकडा अंथरा, अंग घसरतं.

खुर्चीतून उठायला पार्किन्सन्सवाल्यांना फिजिओ सांगतात की नाक गुडघ्यांच्या पुढे न्या आणि उठा. सायटिकात नेमकं ते वाकणंच कळ मारतं. उपाय सोपा: खुर्ची उंच करा. चार इंचांचे ठोकळे सुताराकडून करून घेतले तरी पुरतं. देशी संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणा. पूजेला, जेवायला जमिनीवर बसणं तूर्त बंद. अण्णांना पाटावर बसून पूजा करता येत नाही याचं पाठदुखीपेक्षा जास्त दुःख झालं. शेवटी देव टेबलावर आले. स्कूटरवर मागे बसून खड्ड्यांतून जाणंही बंद.

शेक द्या, पण पाय बधिर असेल तिथे गरम पाण्याची पिशवी थेट ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पार्किन्सन्सचे रुग्ण हाताळलेला निवडा. व्यायामाचा पेच खरा आहे. नळी अरुंद असेल तर पुढे वाकल्यावर बरं वाटतं, आणि पार्किन्सन्स तर माणसाला पुढेच वाकवतो. त्याला सरळ करायला जावं तर पायात कळ. गादी सरकलेली असेल तर उलट पालथं झोपून पाठ मागे नेण्याच्या व्यायामाने काहींना आराम पडतो. एक खूण लक्षात ठेवा: व्यायामाने कळ पायातून वर सरकून कमरेत गोळा होत असेल तर दिशा बरोबर आहे, खाली पावलाकडे उतरत असेल तर थांबा. डीबीएस बसवलेला असेल तर शेकाच्या मशीनपैकी डायथर्मी, ज्याला एसडब्ल्यूडी म्हणतात, ती कधीही घ्यायची नाही. तारेवाटे मेंदूपर्यंत उष्णता जाऊन जिवावर बेतू शकतं. हे फिजिओच्या टेबलावर झोपण्याआधीच सांगायचं.

कमरेचा पट्टा बाहेर जाताना तासभर ठीक. दिवसभर नको.

६. किती थांबायचं?

गादी सरकून झालेली सायटिका बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते, कारण बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या एका अभ्यासात जबर सायटिकाच्या २८३ लोकांचे दोन गट केले होते, एकाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर गेलं. वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांत बरे झालेले ९५ टक्के. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, हेही खरं. ती सगळी पासष्टीच्या आतली माणसं होती, त्यामुळे आकडे आपल्या घराला जसेच्या तसे लावू नका. पहिल्या भागात सांगितलेलं धोक्याचं लक्षण नसेल तर थांबायला मुभा आहे, एवढं त्यातून घ्या.

मधला एक टप्पा म्हणजे नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन. आराम पडला तर काही आठवडे पडतो, सगळ्यांना पडत नाही. माझ्या मते त्याचा दुसरा उपयोग मोठा: त्या एका नसेपाशी भूल दिल्यावर कळ थांबली तर गुन्हेगार तीच नस, याचा पुरावा मिळतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

थांबणं सोडायचं कधी? पाऊल किंवा अंगठ्याचं बळ घटत चाललं तर. पार्किन्सन्सची औषधं नीट बसवूनही, दोन-तीन महिने उपचार करूनही झोप आणि चालणं दोन्ही गेलं असेल तर. आणि रिपोर्ट, तपासणी, कळेची वाट तिन्ही जुळत असतील तर.

७. कोणतं ऑपरेशन?

‘मणक्याचं ऑपरेशन’ हा एक शब्द आहे, पण त्याच्या पोटात फार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकात गादीचा बाहेर आलेला तुकडा लहान छेदातून काढतात. दुसऱ्यात अरुंद नळी थोडं हाड कोरून मोकळी करतात. तिसऱ्यात स्क्रू आणि सळया टाकून मणके जोडतात. पहिली दोन नसेला जागा करून देतात. तिसरं पाठीची घडणच बदलतं.

पार्किन्सन्समध्ये सगळ्यात जपून घ्यायचा निर्णय तिसरा. वाकलेलं अंग त्या सळयांवर सतत ओढ देतं, हाडं ठिसूळ असल्याने स्क्रू सैल होतात, जोडलेल्या भागाच्या वरचा मणका वाकू लागतो, आणि मधेच माणूस पडतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मणक्याचं ऑपरेशन झालेले पार्किन्सन्सचे १४ रुग्ण होते, त्यातल्या १२ जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं. १४ हा आकडा लहान आहे आणि तंत्रही पुढे गेलंय. तरी नंतरच्या मोठ्या नोंदींतही पार्किन्सन्सवाल्यांत गुंतागुंत आणि फेरऑपरेशन जास्तच दिसतात. मणका खरोखर सरकत, हलत असेल तर जोडण्याला पर्याय नसतो. तसं नसेल तर स्क्रू कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सर्जनना विचारायचे प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून नेले होते. स्क्रूशिवाय भागेल का, नसेल तर का? पायाची कळ, कंबरदुखी आणि चालणं, या तिन्हींत प्रत्येकी किती फरक अपेक्षित आहे? पार्किन्सन्सच्या किती रुग्णांचं तुम्ही हे केलंय? न्यूरोलॉजिस्टशी तुम्ही स्वतः बोलाल का? केलं नाही तर सहा महिन्यांनी काय होईल? दुसऱ्या सर्जननी शेवटच्या प्रश्नावर खुर्ची मागे सरकवून विचार केला आणि म्हणाले, “कदाचित काहीच नाही. कदाचित अंगठा आणखी कमजोर होईल.” मला तो माणूस तिथेच पटला.

दुसरं मत घेताना संकोच करू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. अशा ठिकाणी यातून गेलेलं कोणीतरी भेटतं आणि तासभर बोलतं. डॉक्टर ते करू शकत नाहीत, त्यांना वेळ नसतो.

८. इस्पितळात: गोळीचं घड्याळ तुमच्या हातात

ऑपरेशन ठरलंच तर सर्जनइतकीच भूलतज्ज्ञांची भेट महत्त्वाची. लेव्होडोपा अचानक बंद करायची नसते. अंग लाकडासारखं ताठ होऊन तीव्र ताप चढण्यापर्यंत गोष्टी जाऊ शकतात. म्हणून ‘रात्री बारानंतर तोंडातून काही नाही’ हा नियम गोळीलाही लागू आहे का, हे स्पष्ट विचारा. सहसा सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊ देतात. दिवसातली पहिली केस म्हणून नंबर मागा. ऑपरेशन लांबणार असेल तर मधली मात्रा नाकातून घातलेल्या नळीतून कशी देणार ते आधी ठरवून घ्या. सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून देता येत नाही. रासाजिलिन, सेलेजिलिन आधी थांबवायची का आणि किती दिवस, हे भूलतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट मिळून सांगतील. डीबीएस असेल तर तो बंद कोण करणार आणि परत चालू कोण करणार, त्या माणसाचं नाव हवं.

वॉर्डात औषधं वाटायच्या ठरलेल्या वेळा असतात: सकाळ, दुपार, रात्र. अण्णांची गोळी ६, ९.३०, १, ४.३० आणि ८ ला. सिस्टरांचा दोष नाही, त्यांच्या ट्रॉलीवर तीस रुग्ण असतात. ब्रिटनमध्ये ‘गोळी वेळेवर द्या’ एवढ्याचसाठी पार्किन्सन्स यूके ही संस्था मोहीम चालवते, यावरून हा घोळ आपल्याकडचाच नाही हे कळतं. आम्ही पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत वेळा चिकटवल्या, खाली लाल शाईतली चालणार नाहीत ती औषधं लिहिली, स्वतःच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये नेल्या आणि डॉक्टरांकडून फाइलवर ‘नातेवाईक देतील’ असं लिहून घेतलं.

पहिल्या दोन-तीन रात्री भ्रम होऊ शकतो. अण्णा रात्री दोन वाजता पडद्यामागच्या माणसाला चहा विचारत होते. घाबरून जाऊ नका, घरचं ओळखीचं माणूस उशाशी ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ असू द्या, लघवी अडली आहे का ते बघायला सांगा. शांत करायला इंजेक्शन द्यायला निघाले तर त्यात हॅलोपेरिडॉल नाही ना, एवढं विचारा. पाणी, जेवण उठवून बसवूनच. झोपून दिलं तर ठसका लागून ते छातीत जातं. उभं करण्याआधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसवा, रक्तदाब झपकन उतरतो.

९. घरी आल्यावर

बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण कुंथण्याने पाठीवर ताण येतो. जाजमं, पायपुसणी उचलून ठेवा, रात्रीचा दिवा लावा. वाकणं, पिळणं, वजन उचलणं किती आठवडे टाळायचं ते कागदावर लिहून घ्या. जखमेतून पाणी येणं, ताप, नवा बधिरपणा, लघवी अडणं यातलं काही झालं तर फोन करायचा तो रात्रीचा नंबर डिस्चार्जच्या आधीच मागा. फिजिओथेरपी पंधरवड्याच्या आत सुरू करायला मिळेल का ते विचारा, आणि सहाव्या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टची भेट ठरवूनच इस्पितळातून निघा. हालचाल वाढली की गोळ्यांचं गणित पुन्हा बघावं लागतं.

आमच्याकडे शेवटी चार महिने थांबून, अंगठ्याचं बळ घटायला लागलं तेव्हा स्क्रूशिवायचं, फक्त नस मोकळी करण्याचं ऑपरेशन झालं. चौकापर्यंतची कळ गेली. अण्णा भाजी आणतात, पालक जास्त आणि महाग आणतात. बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय अजून खिळतात. तिथे आम्ही लाल चिकटपट्टी आडवी लावली आहे, ते तिच्याकडे बघतात आणि पाऊल तिच्या पलीकडे टाकतात.